एटीओ घेताय? आधी विचारा, बिघडला तर किती पाणी ओतेल?

गच्चीवरची टाकी वाहायला लागली की आमच्या सोसायटीत हमखास हाक येते, "अहो, मोटर बंद करा!" वॉचमन शिडी चढतो, बॉलकॉकला दोन टपल्या मारतो आणि खाली येऊन सांगतो, "अडकला होता." बॉलकॉक महिनोन् महिने नीट चालतो आणि एक दिवस अडकतो. अडकला की थोडं पाणी वाया जातं, जिना ओला होतो, विषय संपतो.

खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेला या छंदातली मंडळी एटीओ म्हणतात, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ. कल्पना गच्चीवरचीच आहे. पातळी खाली गेली की पाणी सुरू, वर आली की बंद. पण इथे बॉलकॉक अडकला तर निभावत नाही. नवीन माणूस दुकानात जाऊन विचारतो, "कुठला एटीओ चांगला?" मीही तेच विचारलं होतं आणि त्याची किंमत मोजली, ती गोष्ट पुढे येईलच. आता कुणी मला विचारलं तर मी उलटा प्रश्न करतो: हा बिघडला तर जास्तीत जास्त किती पाणी ओतेल, आणि तेवढं तुमचा टँक सोसेल का? याचं उत्तर हातात असेल तर खरेदी सोपी होते.

एटीओ लागतो कशाला?

टँकमधून पाणी उडतं, मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, असा धरतात. रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजणाऱ्या उपकरणावर तो घनतेच्या मापात १.०२६ च्या आसपास दिसतो. समजा टँक आणि संप (मुख्य टँकच्या खाली ठेवलेला, कप्पे पाडलेला छोटा टँक) मिळून, खडकांची जागा वजा करून, तुमच्याकडे २०० लिटर पाणी आहे आणि रोज ४ लिटर उडतं. पहिल्या दिवशी खारटपणा ३५.७ होईल. पाच दिवस भर घातली नाही तर २० लिटर कमी होऊन तो ३८.९ वर जाईल. मासे कसेबसे तग धरतील, पण झिंगे, गोगलगायी, ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) यांना अशी चढउतार मानवत नाही. हातानं रोज पाणी घालणारे लोक आहेत आणि त्यांचे टँक छान चालतात. अडचण फक्त शिस्तीची. आज सकाळी घातलं, उद्या रात्री, परवा विसरलो, तेरवा एकदम दहा लिटर, असं होतं तिथे एटीओ कामाला येतो. तो दिवसात अनेकदा थोडं थोडं पाणी घालतो, त्यामुळे खारटपणाची रेघ सरळ राहते.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी पक्की करून टाका. उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्यानं करायची. नवख्यांपैकी निम्मे तरी एकदा मिठाचं पाणी घालून बसतात, कारण "टँक खाऱ्या पाण्याचा आहे ना!"

पहिली पायरी: सात दिवस पट्टी घेऊन बसा

काहीही विकत घेण्याआधी आपल्या घरात रोज किती पाणी उडतं ते मोजा. संपच्या ज्या शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप, म्हणजे पाणी परत वर मुख्य टँकमध्ये ढकलणारा पंप, असतो त्याच्या काचेवर मास्किंग टेप लावा, रात्री ठरावीक वेळी पातळीची रेघ मारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रेघेपर्यंत पाणी भरा. किती मापं लागली ते लिहून ठेवा.

मोजायचं याच कप्प्यात, त्याला कारण आहे. मुख्य टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली संपमध्ये सोडणाऱ्या वाटेच्या, दातांवर ठरते, संपमधल्या आधीच्या कप्प्यांची पातळी आडव्या काचांवर ठरते. पाणी वरून उडो वा मधून, तूट दिसते ती शेवटच्या कप्प्यात. माझा तो कप्पा आतून ३० बाय २५ सेंटिमीटर आहे, म्हणजे एक सेंटिमीटर पातळी उतरली की पाऊण लिटर गेलं. चार लिटर म्हणजे पाच सेंटिमीटरच्या वर. एटीओचा सेन्सर इथेच बसवायचा, हे यावरून आपोआप ठरतं. संप नसलेल्या छोट्या टँकला मागच्या बाजूला पंपाचा कप्पा असतो, तिथेही हाच न्याय.

हा आकडा मोसमानुसार बदलतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हवा कोरडी आणि टँकवर पंखा चालू असतो तेव्हा माझ्याकडे साडेचार लिटरपर्यंत जातं, जुलैत दीडवर येतं. मुंबई-कोकणात दमट हवेमुळे फरक इतका टोकाचा नसतो. पंख्याचं गणित गमतीचं आहे. एक लिटर पाणी उडताना विजेच्या पाऊण युनिटाहून थोडी कमी इतकी उष्णता घेऊन जातं. पंख्यामुळे रोज तीन लिटर जादा उडालं तर जवळपास दोन युनिटांची उष्णता टँकमधून बाहेर गेली. पाणी थंड करणारा चिलर परवडत नाही म्हणून पंख्यावर भागवणाऱ्यानं एटीओला थंडाव्याच्या खर्चातच धरावं. आकडा असा मोसमानुसार बदलतो, म्हणून मोजणी पावसाळ्यात केली असेल तर उन्हाळ्याचा आकडा दुप्पट-तिप्पट गृहीत धरा.

दुसरी पायरी: पाणी कुठलं?

एटीओ रोज जे पाणी घालतो त्यातलं पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेलं सगळं टँकमध्ये मागे राहतं. नळाच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले मिलिग्रॅम) १५० असेल आणि रोज चार लिटर जात असेल, तर महिन्याला १८ ग्रॅम काहीबाही टँकमध्ये साठलं. बोअर किंवा टँकरच्या पाण्याचं तर विचारूच नका. आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारे दाणे) अशा दोन टप्प्यांतून आलेलं, टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं पाणी वापरायचं.

"आमच्याकडे स्वयंपाकघरात आरओ आहे की," हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय! तो प्यायच्या पाण्यासाठी असतो. चव यावी म्हणून त्यात खनिजं परत मिसळतात किंवा थोडं न गाळलेलं पाणी सोडतात, त्यामुळे टीडीएस पन्नास-शंभरच्या घरात राहतो. हल्ली तांब्याचा गुण देणारे प्युरिफायर घरोघर आलेत. माणसाला ते पाणी चालतं, पण झिंगे, गोगलगायी आणि ॲनिमोन यांच्यासाठी तांबं म्हणजे विष. एसीतून ठिबकणारं पाणीही शुद्ध वाटतं. ते धातूच्या कॉइलवरून धूळ घेत उतरलेलं असतं. त्यानं फार तर कुंड्या भिजवा.

तिसरी पायरी: साठ्याचा ड्रम, आणि इथेच खरी निवड होते

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आठ दिवस गावी जायचं होतं. रोज चार-साडेचार लिटर म्हणजे आठ दिवसांना ३५ लिटर. मी हिशेब करून चांगला ५० लिटरचा ड्रम आणला, काठोकाठ भरला, एटीओ जोडला आणि निर्धास्त निघालो. एटीओ एका फ्लोट स्विचवर चालणारा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन: "अरे, आमच्या हॉलच्या छतातून पाणी गळतंय, आणि हात लावला तर चिकट लागतंय." चिकट म्हणजे खारं. चावी शेजाऱ्यांकडे होती. त्यांनी दार उघडून प्लग काढला तोवर ड्रम रिकामा होता. एक टर्बो गोगलगाय फ्लोटच्या दांडीवर चढून बसली होती, फ्लोट खालीच दाबलेला राहिला आणि यंत्र इमानेइतबारे पाणी ओतत राहिलं. खारटपणा २८ वर आला होता. क्लाऊनफिशची जोडी वाचली. दोन्ही झिंगे गेले. काकूंच्या छताच्या रंगाचा खर्च एटीओच्या किमतीहून जास्त आला.

दोष गोगलगायीचा नव्हता आणि यंत्राचाही फारसा नव्हता. ५० लिटरचा ड्रम मी ठेवला होता. तिथे १५ लिटरचा असता तर सेन्सर कसाही अडकला तरी जास्तीत जास्त १५ लिटरच आत गेले असते.

म्हणून ड्रमचं माप दोन बाजूंनी तपासा.

खारटपणाची बाजू: टँकमध्ये २०० लिटर असताना सगळा २० लिटरचा साठा आत गेला तर ३५ चे ३१.८ होतात. वाईट आहे, पण सावरता येतं. ५० लिटर गेले तर २८. माझा स्वतःचा नियम असा की साठा एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही.

जागेची बाजू: वीज गेली की मुख्य टँकमधलं थोडं पाणी पाइपातून संपमध्ये उतरतं. ते उतरल्यावर संपमध्ये काठापर्यंत किती लिटरची जागा उरते? पूर्ण साठा त्या जागेत मावला पाहिजे. रिटर्न पंप बंद करा, पाणी उतरू द्या, पट्टीनं वरची मोकळी उंची मोजा, लांबी-रुंदीनं गुणा आणि हजारनं भागा. सेंटिमीटरमध्ये मोजलं असेल तर उत्तर लिटरमध्ये येईल. माझं उत्तर १८ आलं. तेव्हापासून ड्रमवर १६ लिटरला लाल चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर पाणी भरायला घरात कुणालाही परवानगी नाही, मलासुद्धा.

ड्रम अन्न साठवण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचा घ्या. भंगारवाल्याकडचे निळे ड्रम स्वस्त मिळतात, पण आधी त्यांत कुठलं रसायन होतं ते कोण सांगणार? झाकण घट्ट हवं आणि नळी-वायरपुरतंच भोक हवं. उघडं, स्वच्छ, साठलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. पालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर तपासणीला येतात तेव्हा "हे माशांचं आहे" म्हणून सुटका होत नाही.

चौथी पायरी: सेन्सर

बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतील.

फ्लोट स्विच म्हणजे छोटा बॉलकॉकच. तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कड्यात लोहचुंबक असतो आणि दांडीच्या आत चुंबकानं जोडला जाणारा स्विच असतो. स्वस्त, समजायला सोपा, दुरुस्तीलाही सोपा. शत्रू तीन: गोगलगाय, मिठाची खपली, शेवाळ. दांडीवर मीठ साचलं की कडं अडकतं, आणि वर अडकणार की खाली हे त्याच्या मर्जीवर. त्याला जाळीचं किंवा भोकं पाडलेल्या पाइपचं कुंपण घाला.

ऑप्टिकल सेन्सरच्या टोकाला काचेसारखा शंकू असतो. आतून इन्फ्रारेड प्रकाश सोडतात. टोक हवेत असेल तर प्रकाश परतून आत येतो, पाण्यात असेल तर बाहेर निसटतो. हलणारा भागच नाही, त्यामुळे अडकायला काही नाही. पातळीतला फरकही हा फार बारीक टिपतो. पण टोकावर शेवाळाचा थर बसला, बुडबुडे चिकटले किंवा गोगलगाय येऊन बसली की याचाही गोंधळ होतो. थेट उन्हात किंवा दिव्याच्या झोतात तो बसवू नका.

आणखी एक इशारा, कारण हा उद्योग आपल्याकडेच होतो. इमारतींच्या टाक्यांसाठी धातूच्या कांड्या पाण्यात सोडून चालणारे वॉटर लेव्हल कंट्रोलर मिळतात. गच्चीवर ते उत्तम चालतात. खाऱ्या पाण्यात त्या कांड्या गंजतात आणि विद्युतप्रवाहामुळे धातू पाण्यात उतरतो. कितीही स्वस्त असले तरी टँकमध्ये नकोत. आणि पाण्यातल्या फ्लोट स्विचमधून २३० व्होल्टची लाइन थेट फिरवायचा जुगाड तर कुणी सुचवला तरी करू नका. सेन्सरची बाजू १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरच हवी.

सलाईनचा सेट लावून थेंब थेंब पाणी सोडणारेही आहेत. नवा मासा पाण्याला सरावण्यासाठी तो सेट सोन्यासारखा आहे. पण भर घालण्यासाठी त्याला टँकची पातळी कळत नाही. मे महिन्यात बसवलेला वेग जुलैत दुप्पट-तिप्पट ठरतो.

पाचवी पायरी: दुसरा पहारेकरी

एकाच सेन्सरवर चालणारा एटीओ घेऊ नका, हे माझं मत ठाम आहे. पहिला सेन्सर फसला तर पंप तोडणारी दुसरी, वेगळी गोष्ट हवी. "वेगळी" या शब्दावर जोर आहे.

तीन प्रकारे हे साधतात. एक, वरच्या पातळीला दुसरा सेन्सर. पाणी तिथे पोचलं की पंप बंद आणि भोंगा सुरू. दोन, वेळेची मर्यादा. पंप ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त सलग चालला की यंत्र त्याला थांबवतं. तीन, नळीच्या टोकाला विजेविना चालणारा छोटा फ्लोट व्हॉल्व्ह. पंप चालूच राहिला तरी पाणी अडतं.

उदाहरणं घेऊ. जर्मनीच्या ट्युन्झे कंपनीचा ऑस्मोलेटर ३१५५ गेली अनेक वर्षं नावाजलेला आहे, त्याचं कारण हीच रचना: रोजचं काम ऑप्टिकल सेन्सर करतो, वर पहाऱ्याला फ्लोट स्विच, आणि पंप दहा मिनिटं सलग चालला तर यंत्र तो थांबवून ओरडतं. दोन सेन्सर दोन जातींचे असल्यामुळे ज्या कारणानं एक फसेल त्याच कारणानं दुसरा फसण्याची शक्यता कमी. नेपच्यूनच्या एटीकेमध्ये दोन ऑप्टिकल सेन्सर आणि टोकाला यांत्रिक फ्लोट व्हॉल्व्ह असतो. एक्सपी ॲक्वाच्या ड्युएटोमध्ये दोन्ही ऑप्टिकल सेन्सर एकाच छोट्या डोक्यात बसवलेत. लहान टँकला तो नीटस दिसतो आणि जागा वाचते, पण शेवाळ चढलं तर दोघांवर मिळूनच चढणार. त्यामुळे तो घेतलात तर साफसफाईत कसूर नको. ही सगळी आयात होणारी यंत्रं आहेत, महाग आहेत. घेण्याआधी सुटा सेन्सर आणि सुटा पंप इथे मिळतो का, हे विक्रेत्याला विचारा. पंप गेला म्हणून तीन आठवडे कुरियरची वाट पाहायची तर हातानंच पाणी घालावं लागणार.

स्वस्तातला, एका सेन्सरचा एटीओ आधीच घरात असेल तर फेकू नका. साठा लहान करा आणि नळीच्या टोकाला फ्लोट व्हॉल्व्ह बसवा. आरओ प्युरिफायरच्या टाकीत असतो तसला छोटा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्यात धातूचा भाग नाही ना, एवढं बघून घ्या.

मोबाइलवर सूचना पाठवणाऱ्या वायफायचं म्हणाल तर असलं तर चांगलं. मी गावी होतो तेव्हा सूचना आली असती तरी प्लग काढायला शेजारीच लागले असते.

सहावी पायरी: पंप आणि नळी

पंप जितका मोठा तितकं चांगलं, हा समज इथे मोडून टाका. तासाला २०० लिटर देणारा पंप अडकला तर २० लिटर सहा मिनिटांत ओततो. मिनिटाला ५० मिलिलिटर देणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपाला (रोलरनं नळी दाबत पाणी पुढे ढकलणारा पंप) त्याच २० लिटरला साडेसहा तासांहून जास्त लागतील. तेवढ्यात घरातल्या कुणाच्या तरी लक्षात येतं. रोजच्या चार लिटरसाठी संथ पंप पुरून उरतो. पेरिस्टाल्टिक पंपात नळी दाबलेली राहते, त्यामुळे पाणी आपोआप वाहत राहण्याचा धोकाही टळतो. तोटा म्हणजे त्याची नळी झिजते आणि ठरावीक काळानं बदलावी लागते.

साधा बुडवायचा पंप असेल तर सायफनकडे लक्ष द्या. ड्रममधलं पाणी नळीच्या टोकापेक्षा उंचावर असेल तर पंप बंद झाल्यावरही पाणी वाहतच राहतं. इथे सेन्सर, भोंगा, वेळेची मर्यादा सगळे हात टेकतात, कारण पंप खरोखरच बंद असतो. म्हणून ड्रम जमिनीवर ठेवा आणि नळीचं टोक ड्रमच्या पाण्याहून उंच राहील असं बांधा. ते टोक संपच्या पाण्यात बुडवूही नका. बुडवलं तर उलटा सायफन लागून खारं पाणी ड्रममध्ये येतं, आणि मग एटीओ तुमच्या नकळत खारं पाणी भरत बसतो. टोक वीज गेल्यानंतरच्या पातळीपेक्षा चार बोटं वर, क्लिपनं घट्ट. नुसती लटकवलेली नळी कधीतरी घसरतेच.

सगळ्या वायरींना प्लगच्या आधी खाली झोका द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खाली ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टँकच्या लाइनवर ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर एटीओच्या आधी ती बसवून घ्या.

सातवी पायरी: मुद्दाम बिघडवून बघा

जोडणी झाली की बहुतेक जण एकदा पाणी आलेलं पाहतात आणि खूश होतात. मी एक रविवार दुपार यासाठी राखून ठेवायला सांगेन. ड्रममध्ये फक्त पाच लिटर ठेवा आणि एकेक खोडी काढा.

मुख्य सेन्सर पाण्याबाहेर हवेत धरून ठेवा. पंप सुरू होईल. तो स्वतःहून कधी थांबतो, घड्याळ लावून मोजा. थांबलाच नाही तर तुमच्या यंत्राला वेळेची मर्यादा नाही, हे आजच कळलं. आता सेन्सर हवेतच ठेवून वरचा पहारेकरी हातानं उचला किंवा पेल्याच्या पाण्यात बुडवा. पंप तत्काळ बंद झाला पाहिजे. पंप चालू असताना प्लग काढा आणि नळीच्या टोकाकडे बघा. पाणी वाहत राहिलं तर सायफन आहे. शेवटी रिटर्न पंप बंद करा, पाच मिनिटांनी सुरू करा. सुरुवातीला शेवटच्या कप्प्यातलं पाणी वर खेचलं जातं, पातळी क्षणभर खाली जाते आणि एटीओ लगेच ओतायला लागतो. थोडं जास्त गेलं तर हरकत नाही, पण दिवसातून तीनदा चारा घालताना पंप बंद करायची सवय असेल तर त्याबरोबर एटीओही बंद करा आणि पंप सुरू होऊन पाणी स्थिरावल्यावरच तो चालू करा.

पाणी बदलताना एटीओ बंद करायचा. हे वाक्य टँकच्या कपाटाच्या आत लिहून चिकटवा. तुम्ही बादलीनं खारं पाणी काढता, एटीओला वाटतं पातळी गेली, तो गोडं पाणी ओततो, वरून तुम्ही नवं खारं पाणी घालता. प्रत्येकाकडून एकदा तरी हे होतं. माझ्याकडून दोनदा झालंय.

रोजचं बघणं

एटीओ एक वाईट सवय लावतो. तो टँकमधल्या चुका लपवतो. सांधा गळत असेल किंवा स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) फसफसून कपाबाहेर खारं पाणी फेकत असेल, तर पूर्वी पातळी उतरलेली दिसायची. आता एटीओ गुपचूप गोडं पाणी भरतो आणि खारटपणा दिवसेंदिवस उतरत जातो. ओव्हरफ्लोच्या दातांत शेवाळ अडकलं तर आणखी बिकट. वरचा टँक चढत जातो, खालचा कप्पा उतरत जातो आणि एटीओ त्यात भर घालत राहतो. म्हणून ड्रमवर लिटरच्या रेघा मारा आणि रोज सकाळी चहा घेताना एक नजर टाका. रोजचे साडेतीन अचानक सहा झाले आणि हवा तीच असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. आठवड्यातून एकदा रिफ्रॅक्टोमीटर, आणि त्याचं शून्य साध्या पाण्यावर न बसवता ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवलेलं.

महिन्यातून एकदा सेन्सर पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रश फिरवा, धुऊन परत बसवा. बसवताना पूर्वीच्याच उंचीवर. मी काचेवर नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

पुढे प्रवाळ वगैरे वाढवणारे लोक ड्रममध्ये चुन्याची निवळी घालतात, तिला जर्मन नावानं कल्कवासर म्हणतात. कॅल्शियम मिळतं, पीएच टिकतो. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. साध्या पाण्याचा ड्रम रिकामा झाला तर खारटपणा उतरतो. निवळीचा झाला तर टँक संपला. पहिलं वर्षभर या वाटेला जाऊ नका. पानवाल्याकडचा चुना तर कधीच नाही, त्यात आणखी काय काय असतं कुणास ठाऊक.

आणि कधी जास्त पाणी गेलंच, तर घाबरून एकदम मीठ ओतू नका. एटीओ बंद करा, थोडं पाणी काढा, त्या जागी किंचित जास्त खारं पाणी घाला आणि दिवसाला सुमारे एक पीपीटी या बेतानं वर न्या.

गावी जाताना

१६ लिटरचा साठा उन्हाळ्यात चार दिवसही पुरत नाही, मग सुट्टीचं काय? ड्रम मोठा करायचा नाही. शेजारच्या माणसाला टँकला हात लावू द्यायचा नाही, फक्त ड्रम भरायला सांगायचं. मी जाण्याआधी शून्य टीडीएसच्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन भरून ओळीनं मांडतो. खालच्या काकू (हो, त्याच) दर तिसऱ्या दिवशी येतात आणि लाल पट्टीपर्यंत भरून जातात. कपाटाच्या दारावर चिठ्ठी आहे: "पाणी फक्त ड्रममध्ये. लाल पट्टीच्या वर नाही. भोंगा वाजला तर पिवळा प्लग काढा आणि मला फोन करा, कितीही वाजले असोत." मागच्या मे महिन्यात भोंगा एकदा वाजला. काकूंनी पिवळा प्लग काढला आणि फोनवर पहिलं वाक्य म्हणाल्या, "आमचं छत कोरडं आहे."